आधी वजनकाटा, मग शोरूम

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. दिवे गावाजवळ चार एकर अंजीर आणि सीताफळ आहे. हंगामात एक दिवसाआड पंचवीसेक क्रेट माल गुलटेकडीला मार्केट यार्डात जातो, सध्या भाड्याच्या टेम्पोनं. पौडजवळ बहिणीची जमीन आहे. आमचा मिनी ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर वर्षातून पाच-सहा वेळा तिकडे न्यावा लागतो, म्हणून मागे ट्रेलर जोडता येईल अशी पिकअप घ्यावी असं मनात आहे. शनिवार-रविवारी आई, बायको आणि दोन मुलं याच गाडीतून शेतावर येतील. आईचे गुडघे दुखतात. घरात २०१७ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ती विकून एकच गाडी ठेवायची आहे. बजेट तीस लाख. टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस, महिंद्रा बोलेरो कॅम्पर की जुनी स्कॉर्पिओ गेटअवे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : हॅचबॅक अजून विकली नसेल तर थांबा. ती का ठेवायची ते पुढे येईलच.

तुमच्या पत्रात तीन वेगळी कामं आहेत आणि ती तिन्ही एका गाडीच्या गळ्यात बांधायची आहेत. क्रेट वाहणं हे हौद्याचं काम, ट्रॅक्टर ओढणं हे हूक, ब्रेक आणि चासीचं काम, आणि आईला सुखरूप नेणं हे सीट आणि पायरीचं काम. शोरूममध्ये सेल्समन तिन्हीसाठी एकच आकडा सांगतो, तो म्हणजे टॉर्क, इंजिनाचा चाकं फिरवण्याचा जोर. तुमच्या निर्णयात टॉर्कचा वाटा सगळ्यात कमी आहे. म्हणून गाड्यांकडे वळण्याआधी वजनांची बेरीज करू.

एक भरलेला क्रेट घरच्या काट्यावर ठेवून पाहा. अंजीर खाली दबू नये म्हणून क्रेट काठोकाठ भरत नाहीत, तरी क्रेटचं स्वतःचं वजन धरून तो साधारण वीस-बावीस किलोच्या घरात जातो. पंचवीस क्रेट म्हणजे पाचशे-साडेपाचशे किलो. मिनी ट्रॅक्टरचं रिकामं वजन त्याच्या आरसीवर छापलेलं असतं. पंधरा एचपीच्या वर्गात ते साधारण पावणेआठशे ते साडेआठशे किलो भरतं. रोटाव्हेटर दीडशे धरा आणि तो वाहणारा साधा एक आसाचा (ॲक्सलचा) ट्रेलर साडेतीनशे. म्हणजे मागे ओढायचं वजन तेराशे किलोच्या आसपास झालं. अंदाजावर राहू नका. रोटाव्हेटर लावलेला ट्रॅक्टर एकदा सासवडच्या वजनकाट्यावर चढवा आणि पावती घ्या. पुढचा सगळा हिशेब त्या पावतीवर उभा राहणार आहे.

आता गाडीची बाजू. माहितीपत्रकातला ‘पेलोड’, म्हणजे गाडीला वाहता येणारं वजन, पाहिला तर व्ही-क्रॉसचा अडीचशे किलोच्या आसपास, हायलक्सचा साडेचारशेच्या आसपास आणि कॅम्परचा हजाराच्या आसपास दिसतो. व्हेरियंटनुसार वीस-तीस किलो इकडेतिकडे. हा आकडा पाच माणसं बसवून वर उरलेला आहे की माणसांसकट, हे प्रत्येक कंपनीला लेखी विचारा. त्याहून पक्का मार्ग म्हणजे आरसीवरचं एकूण भारित वजन (गाडी आणि भार मिळून मान्य असलेलं) घ्यायचं आणि त्यातून टाकी भरलेल्या गाडीचं काट्यावरचं वजन वजा करायचं. जे उरतं त्यात तुम्ही, माणसं, माल, हूक, हौद्यावरचं झाकण असं सगळं बसवायचं. शौकानं लावलेलं फायबरचं छत आणि लोखंडी बंपर शंभर किलो सहज खातात. लोखंडी बुलबारवर तर केंद्राने २०१७च्या डिसेंबरमध्येच बंदी घातली आहे, तेव्हा तो विषयच सोडा.

तुमचे साडेपाचशे किलो अंजीर व्ही-क्रॉसमध्ये बसत नाहीत. जागेत बसतील, वजनात नाही. हायलक्समध्येही पुढे दोनच माणसं असतील तर ओढूनताणून जमतं, पण हंगामातल्या नेहमीच्या फेरीला गाडी काठावर चालवण्यात शहाणपण नाही. या दोन्ही गाड्या आपल्याकडे प्रामुख्याने खासगी वापरासाठी विकल्या जातात. त्यांचा हौदा सामान, सायकली आणि सहलीच्या पसाऱ्यासाठी आहे.

इथे एक गोष्ट शोरूममध्ये कोणी काढत नाही. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असं एक छोटं कलम असतं. त्यात भाड्याने वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते, सूट असते ती फक्त नमुने आणि वैयक्तिक सामानाला. मार्केट यार्डात विकायला नेलेले पंचवीस क्रेट हे वैयक्तिक सामान ठरवणं अवघड आहे. दिवे घाटात काही झालं आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने हौद्यातल्या मालाचा फोटो काढला, तर दावा अडकायला तेवढं पुरेसं आहे. ट्रेलरसाठी तर खासगी गाडीच्या पॉलिसीला वेगळं एन्डॉर्समेंट (जोडकलम) जोडावं लागतं, आयएमटी ३० या क्रमांकाचं. एजंटला तोच क्रमांक सांगून मागा, म्हणजे ‘बघतो, करून देतो’ असं तोंडी उत्तर मिळणार नाही.

ट्रेलरच्या कागदांचंही तसंच. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची स्वतःची नोंदणी लागते, नंबर लागतो, विमा लागतो. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये चॅनेल, अँगल आणि जुन्या जीपचा आस जोडून आठवड्यात तयार होणारा ट्रेलर स्वस्त पडतो, पण मान्यताप्राप्त नमुन्याचा नसल्याने आरटीओत त्याची नोंदणी होणं जवळपास अशक्य. ट्रॅक्टरची ट्रॉली गाडीमागे लावायचा विचार असेल तर तोही सोडा. तिची जोडणी पिन आणि कड्याची असते आणि उंची ट्रॅक्टरच्या ड्रॉबारला धरून असते. शिवाय तिला लाइट बहुधा नसतातच.

आता ओढण्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. इंटरनेटवर तुम्ही हायलक्सची ओढण्याची क्षमता ३,५०० किलो वाचली असेल. तो आकडा खरा आहे, पण परदेशातल्या, कारखान्यातून हूक लावून आलेल्या गाडीचा आणि स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठीचा. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला त्याच देशांत ७५० किलोच्या आसपास मर्यादा आहे. आपल्याकडचे साधे ट्रेलर बहुतेक बिनब्रेकचे असतात. म्हणजे ज्या देशातला आकडा दाखवून गाडी विकली जाते, त्याच देशात तुमचा तेराशे किलोचा बिनब्रेकचा ट्रेलर रस्त्यावर येऊ दिला गेला नसता. भारतातल्या गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याबद्दलचं पान उघडा. तिथे जे लिहिलं असेल तेच वॉरंटीच्या वेळी लागू होईल. ‘ओढू नये’ असं लिहिलं असेल, तर क्लच किंवा गिअरबॉक्स गेल्यावर सर्व्हिस सेंटर मागचा हूक पाहील आणि हात वर करील.

चढ चढायला हायलक्सला काही अडचण नाही. तिचं २.८ लिटरचं डिझेल इंजिन २०४ पीएस (अश्वशक्ती) देतं, टॉर्क मॅन्युअलमध्ये ४२० आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर. व्ही-क्रॉसचं १.९ लिटरचं इंजिन १६३ पीएस आणि ३६० न्यूटन मीटरचं आहे. तेही तुमचं वजन घाटातून वर नेईल, फक्त घाई करणार नाही. कॅम्परचं अडीच लिटरचं इंजिन पंचाहत्तर अश्वशक्तीच्या आसपास आहे. ते हौद्यात टन वाहायला बनवलंय, मागे तेराशे किलो लटकवून दिवे घाट चढायला नाही. वर ट्रॅफिक अडला तर ती वारंवार हाफ क्लचवर उभी राहील आणि क्लच प्लेटचा जळका वास पहिल्याच हंगामात येईल.

खरी परीक्षा उतरताना आहे. तुमचा ट्रॅक्टर दिव्याहून पौडला जाताना दिवे घाट उतरणार, मंतरवाडी-उंड्री मार्गाने कात्रजला येणार, दरी पुलापासून नवले पुलापर्यंतचा उतार घेणार आणि चांदणी चौकातून पिरंगुटचा घाट ओलांडणार. बोपदेवची वाट जवळची वाटली तरी ट्रेलर घेऊन तिकडे वळू नका, ती चढण फार उभी आहे आणि वळणं अरुंद. नवले पुलाचा उतार तर पुणेकरांना सांगायला नको. अवजड गाड्या डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडतात आणि खाली पोचेपर्यंत ब्रेक तापून निकामी होतात, हे तिथे वर्षानुवर्षं चाललंय. हायलक्स आणि व्ही-क्रॉस दोघींना मागे ड्रम ब्रेक आहेत. बिनब्रेकचा ट्रेलर म्हणजे गाडीच्या ब्रेकवर सव्वाटन उपरं ओझं. सतत पाय ठेवून उतरलं तर ब्रेकचं तेल उकळतं, पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि मग काहीच करता येत नाही. उपाय जुनाच. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच्याही एक खालचा गिअर उतार सुरू होण्याआधी टाका आणि ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून पूर्ण सोडा. हायलक्सच्या ऑटोमॅटिकमध्ये ‘डी’वर न उतरता हाताने गिअर निवडा.

दुसरं संकट सपाट रस्त्यावर येतं. ट्रेलर साठ-सत्तरच्या वेगात डावीकडे-उजवीकडे डोलायला लागतो, झोके वाढत जातात आणि शेवटी गाडीची मागची बाजू फेकली जाते. कारण एकच असतं, ट्रेलरवरचं वजन आसाच्या मागे गेलेलं. बॉलवर, म्हणजे हूकच्या ज्या गोळ्यावर ट्रेलरचं तोंड बसतं त्यावर, ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा खाली दाबलेला असायला हवा. तुमच्या बाबतीत १३० किलो. मिनी ट्रॅक्टर तोंड पुढे करून चढवला आणि मागे रोटाव्हेटर तसाच लटकत ठेवला, की दीडशे किलो लांब मागे जातात आणि बॉलवरचा भार नाहीसा होतो. म्हणून रोटाव्हेटर काढा, आसाच्या पुढच्या भागात फळीवर ठेवून बांधा आणि मग ट्रॅक्टर थोडाथोडा पुढेमागे करून भार जुळवा. मोजणं सोपं आहे. दीडशे किलोपर्यंतचा अंघोळघरातला वजनकाटा आणि बॉलच्या उंचीइतका लाकडी ठोकळा घ्या. ट्रेलर सपाट जमिनीवर आडव्या पातळीत ठेवा आणि त्याचं तोंड ठोकळ्यावरून काट्यावर टेकवा. काटा १२० ते १४० दाखवेल तिथे ट्रॅक्टरच्या चाकांखाली खडूची खूण करा. पुढच्या वेळी मोजायला नको. हे १३० किलो गाडीच्या पेलोडमधून वजा होतात, हे विसरू नका. व्ही-क्रॉसच्या बाबतीत निम्मा हिशेब तिथेच संपतो.

डोलणं सुरू झालंच तर ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंगने झोके पकडायच्या फंदात पडू नका. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपसूक उतरू द्या.

ट्रॅक्टर बांधताना चार बाजूंना चार रॅचेट (खटक्याने आवळायचे) पट्टे लागतात, नायलॉनची दोरी नाही. ट्रॅक्टर गिअरमध्ये, ब्रेक ओढलेला, पट्टे चाकांवरून नाही तर आस किंवा चासीच्या पक्क्या जागेवरून. चाकावरून घेतलेला पट्टा टायर दबला की सैल पडतो. पाच किलोमीटरवर एकदा थांबून पुन्हा ओढून घ्या, कारण पहिल्या खड्ड्यांत सगळं बसतं.

हूक बाहेरच्या दुकानातून लावणार असाल तर पैसे देण्याआधी गाडीखाली डोकं घाला. हूकची पट्टी चासीच्या दोन्ही लांब कांबींना, कारखान्याच्या भोकांतून, नटबोल्टने बसवलेली दिसली पाहिजे. बंपरच्या पट्टीला लावलेला हूक फक्त फोटोपुरता असतो. चासीला वेल्डिंग केलेलं दिसलं तर गाडी उभी ठेवून परत फिरा. उष्णतेने तिथली कांब ठिसूळ होते आणि तडा नेमका वेल्डच्या कडेला जातो. बॉल आपल्याकडे ५० मिलिमीटरचा चालतो. परदेशी सामानात दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा बॉल मिळतो. ५० चं तोंड त्यावर नीट बसत नाही, पण जोर दिला की बसल्यासारखं वाटतं. त्याची एक परीक्षा आहे. ट्रेलर जोडा, कुलूप लावा आणि मग ट्रेलरचा पुढचा जॅक वर फिरवा. गाडीची मागची बाजू जॅकबरोबर वर उचलली गेली तर जोडणी पक्की. ट्रेलरचं तोंड बॉलवरून सुटून वर आलं तर जोडणी वरवरची. खाली दोन साखळ्या फुलीच्या आकारात टाका, म्हणजे तोंड सुटलं तरी ते साखळ्यांच्या झोळीत पडेल, रस्त्यात रुतणार नाही.

ट्रेलरच्या लाइटची तार हा स्थानिक इलेक्ट्रिशियनचा आवडता घोटाळा आहे. सात पिनी सॉकेटमध्ये तिसरी पिन अर्थिंगची, पांढऱ्या तारेची. पहिली डावा इंडिकेटर, चौथी उजवा, सहावी ब्रेक लाइट. अर्थिंग हूकच्या लोखंडातून घेतली की गंज चढल्यावर डावा इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा मिणमिणायला लागतो. नव्या गाड्यांत मूळ तारा सोलून जोड देऊ नका. बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूजसह वीज घेणारं रिलेचं मॉड्यूल लावा.

फोर-व्हील ड्राइव्हबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण दिव्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात लागेल. हायलक्समध्ये आणि व्ही-क्रॉसच्या फोर-व्हील व्हेरियंटमध्ये ती पार्ट-टाइम पद्धतीची आहे, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमध्ये डिफरन्शियल, वळताना दोन्हींना वेगळ्या गतीने फिरू देणारा भाग, नाही. कोरड्या डांबरावर ४एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) लावून वळलात तर ट्रान्स्मिशन आवळून बसतं. शेतातून ट्रेलर मागे घेताना मात्र ४एल (चारही चाकं, अगदी संथ गिअर) सारखं सुख नाही. क्लच न जाळता मुंगीच्या गतीने सरकता येतं.

आता आईंचा प्रश्न, आणि इथे तिन्ही गाड्या एकमेकींपासून फार लांब नाहीत. या सगळ्या चासीवरच्या गाड्या आहेत, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. हौदा रिकामा असला की पाटे दबतच नाहीत आणि गतिरोधकावर मागच्या सीटवरचा माणूस उडतो. हायलक्स आणि व्ही-क्रॉसमध्ये हे कमी, कॅम्परमध्ये स्पष्ट. कॅम्परची मागची सीट जवळपास काटकोनात आहे आणि एसी सगळ्या व्हेरियंटमध्ये येत नाही. मात्र गुडघेदुखीला खरी अडचण चढण्याची. टेस्ट ड्राइव्हला आईंना बरोबर न्या. पट्टी घेऊन जमीन ते पायरी, पायरी ते गाडीचा तळ आणि तळ ते सीट अशी तीन मापं घ्या. घरातल्या जिन्याची पायरी साधारण १५ ते १७ सेंटिमीटरची असते. गाडीची पहिली पायरी त्याच्या दुपटीहून वर असेल तर आईंना दर वेळी हात द्यावा लागेल. उतरताना तर त्रास अधिक, कारण दुखऱ्या पायावर वजन घेऊन खाली यावं लागतं. दाराच्या खांबाला पकडायला दांडी मागच्या दारालाही आहे का, ते बघा. पुढच्या दाराला बऱ्याच गाड्यांत असते, मागे विसरतात.

आणखी एक माप सोसायटीत घ्या. आपल्याकडच्या नियमात मोठ्या गाडीची पार्किंगची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर. हायलक्स ५.३२ मीटर लांब आहे, व्ही-क्रॉसही सव्वापाच मीटरच्या पुढे. म्हणजे फूटभर गाडी ड्राइव्हवेत, आणि सोसायटीच्या सभेत तुमचं नाव. वळायला सव्वासहा मीटरच्या आसपास त्रिज्या लागते. कोथरूडच्या गल्लीत एका फेरीत यू-टर्न होणार नाही.

गेटअवे आवडण्यासारखी गाडी होती, पण ती २०२०च्या बीएस६ प्रदूषण नियमांच्या आधी थांबली. म्हणजे आज मिळेल ती किमान पाच-सहा वर्षांची आणि बहुधा वजन वाहून थकलेली. बघायचीच असेल तर हौद्याखालची गंजलेली कांब, पाट्यांचे वाकलेले शॅकल (चासीला जोडणाऱ्या कड्या) आणि आरसीवर ती मालवाहू आहे की खासगी, एवढं पाहा. आमच्या मते त्यात पैसे घालू नयेत.

मूल्याचा हिशेब थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे जुन्या किमती विसरा. तरी हायलक्सची ऑन-रोड पावती तुमच्या तिसांत बसवणं कठीण आहे, व्ही-क्रॉस बसेल आणि कॅम्पर दहाच्या आतबाहेर राहील. प्रत्येक दरपत्रकात कर, विमा आणि ‘हाताळणी’ या तीन ओळी वेगळ्या मागा, तिसरी ओळ खोडायला लावा.

आमची शिफारस अशी. क्रेटसाठी कॅम्पर घ्या, मालवाहू म्हणून नोंदवा, मालवाहू पॉलिसी काढा. हॅचबॅक आईंसाठी ठेवा, तिच्यात त्या आज बसतात ना? ट्रॅक्टर भाड्याच्या पिकअपने न्या, लांब हौद्याची, ज्यात फाळका (हौद्याचं मागचं दार) पाडून रॅम्प लावता येतो. समजा एका जाण्या-येण्याला सहा हजार पडले, सहा फेऱ्यांचे छत्तीस हजार. कॅम्पर घेतल्यावर बजेटातून वीस लाखांच्या आसपास उरतात. त्यांतले अठराच लाख नऊ टक्क्यांनी ठेवले तरी वर्षाला एक लाख बासष्ट हजार येतात. ट्रेलरचा खर्च, टायर, विमा आणि तो उभा करायची जागा हे वेगळंच. शिवाय वर्षातून सहाच वेळा फिरणाऱ्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, उभ्या-उभ्या तडकतात.

मालवाहू नोंदणीची भीती वाटत असेल तर ती फार नाही. एकूण भारित वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. तुमचं हलक्या वाहनाचं लायसन्स ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीलाही चालतं, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ला ते पक्कं केलं आहे. फिटनेस मात्र सुरुवातीला दोन वर्षांचा, मग आठव्या वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. आणि हौद्यात माणूस बसवायचा नाही. मुलं ‘मागे बसू’ म्हणतील, कॅबिनबाहेरच्या माणसाची जबाबदारी विमा कंपनी घेत नाही.

कॅम्परमध्ये अंजीर नेताना एक काळजी घ्या. हजार किलोसाठी बनवलेले पाटे साडेपाचशेवर अर्धेच दबतात आणि मीठा बहाराची (उन्हाळी हंगामाची) पिकलेली फळं घाटात खालच्या थरात दबून फुटतात, भाव तिथेच पडतो. टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरवर दोन प्रकारे दिलेली असते, पूर्ण भारासाठी आणि हलक्या भारासाठी. अर्धा माल असेल त्या दिवशी मागच्या टायरना हलक्या भाराचीच ठेवा. क्रेट कॅबिनला टेकवून, मागच्या आसाच्या पुढे लावा. फाळक्याजवळचा क्रेट सगळ्यात जास्त उडतो. तळाला जाड रबरी चटई टाका आणि वर ताडपत्रीऐवजी हवा खेळेल अशी शेडनेट बांधा.

इतकं वाचूनही तुम्हाला एकच गाडी हवी असेल आणि माल भाड्याच्या टेम्पोनेच जाणार असेल, तर व्ही-क्रॉस आणि हायलक्समध्ये आम्ही हायलक्स ऑटोमॅटिक सांगू, बजेट ताणायला लागलं तरी. जड गाडी मागच्या वजनाला जास्त दाद देत नाही आणि घाटातल्या ट्रॅफिकमध्ये क्लच जाळायचा प्रश्नच येत नाही. मात्र ट्रेलर ब्रेकवाला, नोंदणी असलेला घ्या. दोघींच्याही एक्झॉस्टमध्ये काजळी गाळणारा फिल्टर आहे. नुसतं कोथरूड ते डेक्कन फिरवलं तर तो तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं बायपासवर एका वेगाने चालवली की तो स्वतःची काजळी जाळतो. दिवा लागल्यावर दुर्लक्ष केलं तर पुढे गाडीची ताकद कमी होते आणि मग सर्व्हिस सेंटरशिवाय मार्ग राहत नाही.

काट्याची पावती आणि पुस्तिकेतल्या ट्रेलरच्या पानाचा फोटो पाठवा. दोन्हींचा मेळ बसतो का, ते पाहून कळवतो.